नकाशावर आपलं गाव शोधलं, पण सापडलंच नाही? मग हे करून पाहा



आपल्या गटांचे उद्योग, अंगणवाडी, हातपंप, बस थांबा या जागा नकाशावर आणायच्या असं ठरल्यापासून ग्रामसंघाच्या प्रत्येक बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, नाव तं बरोबर टाकलं, पण आपलं गाव येऊनच नाही राहिलं." कोणी म्हणतं गाव आलं पण दुसऱ्याच जिल्ह्यातलं आलं. कोणी म्हणतं मागच्या आठवड्यात केंद्राचं नाव टाकलं होतं, आता शोधलं तर गायब. फोनवर प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा या अंकात सगळं एकदाच लिहिते. अंक ग्रामसंघाच्या फाइलला लावून ठेवा, म्हणजे कोणाला अडलं की पाहता येईल.

हे एवढं महत्त्वाचं कशासाठी, असं एका ताईंनी विचारलं होतं. विचारणं बरोबरच आहे. गावातल्या माणसाला गाव शोधावं लागत नाही. पण बाहेरून येणाऱ्याला लागतं. आपल्या एका गटाची मिरची पावडर न्यायला जळगावहून गाडी निघाली होती. ड्रायव्हरने नकाशात नुसतं 'सिंदखेड' टाकलं. आपल्या मोताळा तालुक्यात सिंदखेड आहे, पण नकाशाने त्याला दाखवलं सिंदखेड राजा. जिजाऊंचं जन्मस्थान म्हणून ते सगळीकडे माहीत, त्यामुळे तेच आधी आलं. ड्रायव्हर मलकापूर, मोताळा, बुलढाणा करत चिखली ओलांडून गेला, तेव्हा त्याचा फोन आला, "ताई, अजून किती लांब?" माल त्या दिवशी गेला नाही. मिरचीची गाडी एक दिवस उशिरा गेली तर पैशांचंच नुकसान होतं. बाळंतपणाची गाडी रात्री दोन वाजता चुकली तर काय होईल, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आधी हा नकाशा कोणाचा ते समजून घेऊ, कारण बराचसा घोळ तिथूनच सुरू होतो. आपण वापरतोय तो ओपनस्ट्रीटमॅप. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणाने तो सुरू केला. विकिपीडिया जसा लोकांनी लिहिलेला ज्ञानकोश, तसा हा लोकांनी काढलेला नकाशा. खातं उघडलं की कोणीही त्यात रस्ता, विहीर, शाळा टाकू शकतं. जानेवारी २०१० मध्ये हैती देशात भूकंप झाला, तेव्हा तिथल्या राजधानीचा धड नकाशाच उपलब्ध नव्हता. जगभरच्या शेकडो लोकांनी घरी बसून उपग्रहाच्या फोटोंवरून रस्ते काढले आणि मदतीला गेलेल्या पथकांनी तोच नकाशा वापरला. म्हणजे हे काही शिकाऊ लोकांचं खेळणं नाही. पण त्याचा अर्थ असाही होतो की जे कोणी टाकलंच नाही, ते तिथं नाही. गाव सापडलं नाही म्हणून वेबसाइट बिघडली असं लगेच समजू नका.

दुसरी गोष्ट शोधाच्या खिडकीची. आपल्याला सवय आहे ती गूगलच्या नकाशाची. तिथं अर्धवट लिहिलं, चुकीचं लिहिलं तरी तो अंदाज बांधतो. ओपनस्ट्रीटमॅपच्या मागे शोधाचं जे यंत्र आहे त्याला नॉमिनॅटिम म्हणतात. लॅटिन भाषेतला शब्द आहे, अर्थ 'नावाने'. नावाप्रमाणेच ते नाव जुळवतं. तुम्ही लिहिलेलं आणि नकाशात नोंदवलेलं जुळलं तर दाखवतं, नाही जुळलं तर "काही सापडलं नाही" म्हणून मोकळं होतं. स्पेलिंग चुकलं तर "तुम्हाला असं म्हणायचंय का?" असं विचारत बसत नाही. आपल्या बँकेतल्या त्या कडक बाबूसारखं समजा, ज्यांना पासबुकावरचं नाव आणि अर्जावरचं नाव अक्षरन् अक्षर सारखं लागतं.

म्हणूनच सगळ्यात जास्त अडचण नावाच्या लिखाणातच येते. त्यावर जरा सविस्तर लिहिते.

आपलं रोहिणखेडच घ्या. आपण रोहिणखेड म्हणतो. जुन्या गॅझेटियरमध्ये आणि इतिहासाच्या पुस्तकांत रोहणखेड असं सापडतं. १४३७ आणि १५९० मध्ये इथं दोन मोठ्या लढाया झाल्या, त्यांची नोंद त्याच नावाने आहे. इंग्रजीत लिहायचं तर कोणी 'आर ओ एच आय एन' करून लिहितं, कोणी 'आर ओ एच ए एन'. कोणी दोन शब्द तोडून 'रोहिण' वेगळं आणि 'खेड' वेगळं लिहितं. तुमच्या आमच्यासाठी हे एकच गाव, यंत्रासाठी ही तीन वेगळी नावं. जिल्ह्याचंही तसंच आहे. बुलढाणा इंग्रजीत लिहिताना 'डी' नंतर 'एच' घालायचा की नाही यावर सरकारी कागदांतही एकमत नाही. २०११ च्या जनगणनेत 'एच' नाही, बाकी अनेक ठिकाणी आहे. एका स्पेलिंगने मिळालं नाही तर दुसऱ्याने शोधा, तिसऱ्याने शोधा. गाव सापडलं नाही म्हणायच्या आधी किमान तीन प्रकारांनी टाकून पाहायचं.

"मग मराठीतच टाकते ना, मराठीत तं चूक होणार नाही," असं एक ताई म्हणाल्या. इथं एक गंमत आहे. आपल्याकडच्या बऱ्याच गावांचं मुख्य नाव नकाशात इंग्रजीत टाकलेलं असतं. मराठी नावासाठी वेगळा रकाना आहे, पण तो कोणी भरला असेल तरच मराठीतून गाव सापडतं. रकाना रिकामा असेल तर यंत्र तुमच्या मराठी अक्षरांचं स्वतःच इंग्रजी करून पाहतं, आणि तिथं फसतं. त्याला एवढंच माहीत की मराठीतल्या प्रत्येक अक्षरात 'अ' असतो. आपण बोलताना 'रोहिण्‌खेड्‌' असं बोलतो, 'ण' आणि 'ड' यांचा 'अ' गिळून टाकतो. यंत्र गिळत नाही. ते इंग्रजीत साधारण 'रोहिणाखेडा' वाचता येईल असं काहीतरी तयार करतं. आता नकाशात लिहिलंय रोहिणखेड आणि हे शोधतंय रोहिणाखेडा. कसं सापडणार? म्हणून मराठीतून नाही मिळालं तर इंग्रजीतून पाहा, आणि इंग्रजीतून मिळालं की त्या गावाचा मराठी रकाना भरून टाका. हे एक काम प्रत्येक ग्रामसंघाने आपल्या गावापुरतं केलं तरी मोठा प्रश्न सुटेल. पर्यायी नाव आणि जुनं नाव यांचेही रकाने आहेत. रोहणखेड हे नाव मुख्य नाव खोडून नाही, तर त्या रकान्यात टाकायचं. मग दोन्ही नावांनी गाव सापडतं.

मोठ्या शहरांची नावं बदलली तेव्हा याच रकान्यांचा उपयोग होतो. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं २०२३ मध्ये, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं २०२४ मध्ये. जुनं नाव टाकूनही शहर सापडावं म्हणून ते जुन्या नावाच्या रकान्यात राहू द्यावं लागतं.

नावातली बारीकसारीक वळणंही तपासा. 'ण' आणि 'न', 'ळ' आणि 'ल', ह्रस्व-दीर्घ. मोबाइलचा मराठी कीबोर्ड पुढचा शब्द स्वतःच सुचवतो आणि आपण घाईत त्यावर बोट ठेवतो, मग मोताळ्याचं भलतंच काही होतं. बोलून टाइप करणाऱ्या ताईंनी तर खिडकीत काय उमटलं ते वाचल्याशिवाय शोधू नये. बुद्रुक आणि खुर्द ही आणखी एक कटकट. सातबाऱ्यावर 'बु.' आणि 'खु.' असतं, नकाशात कोणी पूर्ण बुद्रुक लिहिलेलं असतं, कोणी इंग्रजीत नुसतं 'बी के'. अशा वेळी ते शेपूट काढून फक्त मूळ नाव टाका आणि आलेल्या यादीतून आपलं गाव निवडा.

आता एकाच नावाच्या अनेक गावांची गोष्ट. पिंपळगाव म्हटलं की कोणतं? आपल्या मोताळ्यातलं पिंपळगाव देवी, खामगावकडचं पिंपळगाव राजा, सैलानीकडचं पिंपळगाव सराई, जळगाव जामोदकडचं पिंपळगाव काळे, आणि जिल्ह्याबाहेर गेलात तर नाशिकचं पिंपळगाव बसवंत. मलकापूर आपलं एकटंच आहे असं वाटतं ना? कराडजवळ एक मलकापूर आहे, कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडी तालुक्यात आणखी एक. धामणगाव बढे आपल्या तालुक्यात, धामणगाव रेल्वे अमरावती जिल्ह्यात. जे मोठं, प्रसिद्ध, ज्याच्यावर जास्त लोकांनी काम केलंय, ते साधारण यादीत वर येतं. आपली लहान गावं खाली राहतात.

यावर उपाय म्हणजे गावाच्या नावापुढे स्वल्पविराम देऊन जिल्ह्याचं नाव लिहायचं. गाव, मग जिल्हा. जमलं तर मध्ये तालुका. पण पत्ता पोस्टाच्या पाकिटावर लिहितो तसा लांबलचक लिहू नका. "मु. पो. अमुक, महादेव मंदिराजवळ, ग्रामपंचायतीच्या मागे, ता. मोताळा, जि. बुलढाणा" असं सगळं टाकलं की हमखास काही सापडत नाही, कारण त्यातले 'मु. पो.', 'जवळ', 'मागे' हे शब्द नकाशात कुठंच नसतात. माणसाला खुणा जितक्या जास्त सांगाल तितकं बरं, यंत्राला तितकंच कमी. पिनकोडचंही तेच. एक पिनकोड कित्येक गावांना असतो, त्यामुळे त्यावरून आपली वस्ती सापडेल अशी आशा धरू नका.

दुसरी युक्ती मला स्वतःला जास्त आवडते. शोधायच्या आधी नकाशा बोटाने सरकवत आपल्या भागावर आणा. मलकापूर, मोताळा, बुलढाणा, नळगंगा धरण पडद्यावर दिसेल एवढं जवळ आणा, आणि मग नाव टाका. समोर जो भाग दिसतोय तिथल्या गावांना यंत्र झुकतं माप देतं. पुण्याचा नकाशा उघडा ठेवून आपल्या वाडीचं नाव टाकाल तर ते तुम्हाला पुण्याकडचीच वाडी आधी दाखवेल.

कधी कधी मात्र उलटं होतं. तालुका लिहिला की गाव गायब, तालुका काढला की हजर. गाव कोणत्या तालुक्यात, कोणत्या जिल्ह्यात हे नकाशात प्रत्येक गावापुढे लिहिलेलं नसतं. यंत्र तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या सीमारेषा पाहतं आणि गावाचा ठिपका ज्या रेषेच्या आत, तो त्याचा तालुका असं धरतं. सीमारेषा जरा इकडची तिकडे काढली गेली असेल, किंवा गावाचा ठिपकाच दोन-तीन किलोमीटर सरकलेला असेल, तर शेवटचं गाव शेजारच्या तालुक्यात जाऊन पडतं. घाटाखालची आणि घाटावरची गावं जिथं एकमेकांना लागून आहेत तिथं हे विशेष जपायचं. असं दिसलं तर शोधताना तालुका वगळून फक्त जिल्हा लिहा, आणि चुकलेली गोष्ट नोंदवून ठेवा. सीमारेषेला मात्र स्वतः हात लावू नका. एक रेष ओढली की तीसेक गावांचे पत्ते बदलतात.

आता ज्या ताईंचं म्हणणं आहे की "आम्ही टाकलेलं केंद्र गायब झालं", त्यांच्यासाठी.

बहुतेक वेळा ते गायब झालेलं नसतं. तीन गोष्टी पाहा. पहिली, नाव नावाच्याच रकान्यात टाकलं का? वर्णनाचा एक रकाना असतो, टिपेचा एक असतो. 'सावित्री गट, पापड केंद्र' असं वर्णनात लिहिलं असेल तर ते नकाशात आहे, पण नावाने सापडणार नाही. दुसरी, ठिपका कशाचा आहे ते निवडलं का? दुकान, शाळा, कार्यालय, पाण्याची जागा, यातलं काहीतरी निवडावंच लागतं. नुसता ठिपका आणि नुसतं नाव असेल तर यंत्र त्याला शोधाच्या यादीत घेतच नाही. बिनप्रकाराचा ठिपका म्हणजे गटाच्या नावाशिवाय आलेली बचतीची पावती, पैसे जमा झाले तरी कोणाच्या नावावर लिहायचे कळत नाही. तिसरी, जतन केलं का? बदल जतन करायचं बटण वर कोपऱ्यात असतं. ते दाबून, काय बदल केला ते एका ओळीत लिहून 'अपलोड' केलं तरच बदल जातो. नेट गेलं आणि पान बंद झालं की ती मेहनत वाया जाऊ शकते. रेंज नसलेल्या ठिकाणी आधी वहीत लिहून घ्या आणि रेंजमध्ये आल्यावर टाका.

तिन्ही बरोबर असेल तर जरा थांबा. शोधात नवीन नाव यायला काही मिनिटं लागतात, कधी तास-दोन तास. नकाशाचं चित्र बदलायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो, आणि तुमचा फोन जुनं चित्र साठवून ठेवतो ते वेगळंच. म्हणून चित्रात ठिपका दिसत नसला तरी शोधात नाव येऊ शकतं, आणि शोधात नसलं तरी चित्रात दिसू शकतं. दोन्ही वेगवेगळ्या यंत्रणा आहेत. "दिसत नाही" म्हणून तेच केंद्र परत टाकायचं नाही. असं केल्याने एकाच केंद्राचे चार चार ठिपके झालेले मी पाहिले आहेत, आणि ते निस्तरायला टाकण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

नावाने काही केल्या सापडत नसेल तर नावाचा नाद सोडा आणि जागा घ्या. तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग. नकाशा सरकवत आपलं गाव अगदी मधोमध आणा आणि शोधाच्या खिडकीजवळचं 'व्हेअर इज धिस?' म्हणजे 'ही जागा कुठली?' दाबा. नकाशा या जागेला कोणत्या नावाने ओळखतो ते तो स्वतःच सांगेल. स्पेलिंग काय आहे, तालुका कोणता धरलाय, सगळं तिथं दिसतं. मी नवीन गावात गेले की शोधाच्या आधी हेच करते. दहा वेळा अंदाजाने नाव टाकण्यापेक्षा हे सोपं.

दुसरा मार्ग अक्षांश-रेखांशाचा. घाबरू नका, दोन आकडे असतात फक्त. आपल्या भागात पहिला आकडा २० ने सुरू होतो, दुसरा ७६ ने. हे दोन आकडे शोधाच्या खिडकीत मध्ये स्वल्पविराम देऊन टाकले की नकाशा थेट त्या जागेवर जातो. आकडे इंग्रजी अंकांत टाइप करा. क्रम चुकवू नका. ७६ आधी आणि २० नंतर लिहिलं तर नकाशा तुम्हाला नॉर्वेच्याही उत्तरेला, आर्क्टिक समुद्रात नेऊन सोडेल. पडद्यावर नुसतं निळं पाणी दिसलं की समजायचं, आकडे उलटे पडले.

आकड्यांतली आणखी एक चकवा देणारी गोष्ट. जुन्या कागदांवर '२० अंश ३७ मिनिटं' असं लिहिलेलं असतं. ते २०.३७ नव्हे. घड्याळासारखंच, साठ मिनिटांचा एक अंश. ३७ ला ६० ने भागलं की ०.६१ च्या पुढे येतं, म्हणून ते २०.६१७ होतं. तुम्ही २०.३७ टाकलं तर ठिपका सरळ दक्षिणेला पंचवीसेक किलोमीटर सरकतो, म्हणजे घाट चढून चिखलीच्या बाजूला जातो. आणि पॉइंटनंतरचे आकडे कापू नका. पॉइंटनंतर दोनच आकडे ठेवले तर जागा किलोमीटरभर इकडेतिकडे होऊ शकते. चार ठेवले तर दहा-बारा मीटरच्या आत येते, म्हणजे अंगणापर्यंत.

हे आकडे मिळवायचे कसे? फोनमधलं लोकेशन चालू करून मोकळ्या जागेत उभं राहायचं. पत्र्याच्या घरात, झाडाखाली फोन गोंधळतो. एक-दोन मिनिटं थांबा, निळा ठिपका स्थिर झाला की मग आकडे लिहून घ्या.

तिसरा मार्ग तुम्हाला आधीच येतो, व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवणं. खरेदीदाराला किंवा गाडीवाल्याला गावाचं नाव सांगत बसण्यापेक्षा केंद्रावर उभं राहून 'सध्याचं ठिकाण' पाठवा. 'लाइव्ह' नको. ते तुमच्याबरोबर फिरतं, तुम्ही शेतात गेलात की गाडी शेतात येईल. केंद्रावरून पाठवलेलं एक लोकेशन गटाच्या ग्रुपमध्ये ठेवलं तर ते पुढेही कामी येतं. तातडीच्या वेळी मात्र नकाशावर विसंबू नका. १०८ ला फोन लावलात की गाव, तालुका, जिल्हा, मुख्य रस्त्यावरचा फाटा कोणता आणि फाट्यावर कोण उभं राहणार, हे तोंडाने सांगा. नकाशा त्याच्या जोडीला आहे.

वस्ती, तांडा, वाडी यांच्याबद्दल वेगळं लिहावं लागेल. गावठाणाचं नाव निदान कोणीतरी टाकलेलं असतं. गावापासून दोन किलोमीटरवरची वस्ती सहसा कोणी टाकलेलीच नसते, कारण ती सरकारी यादीतही गावाच्या पोटात असते. उपग्रहाच्या फोटोत घरं दिसतात, पण नाव फोटोत दिसत नाही. ते तिथं राहणाऱ्या बाईलाच माहीत असतं. अशा ठिकाणी शोध कितीही सुधारला तरी उपयोग नाही, नावच टाकावं लागेल. नाव टाकताना तिथले लोक स्वतः जे म्हणतात तेच टाका. गावातले लोक वस्तीला जातीच्या नावाने हाक मारतात, आणि वस्तीवरच्यांना ते नको असतं, असं मी दोन-तीन ठिकाणी पाहिलं. नकाशावर एकदा गेलेलं नाव पुढे कागदोपत्री चिकटतं. म्हणून वस्तीवरच्या चार बायांना विचारल्याशिवाय नाव टाकायचं नाही, एवढं मी तुमच्याकडे मागते.

त्याच ओघात दुसरं. हा नकाशा जगाला दिसतो. यात सार्वजनिक जागाच टाका. अंगणवाडी, शाळा, रेशन दुकान, दवाखाना, बस थांबा, पाण्याची जागा, गटाचं दुकान किंवा केंद्र. कोणाचं राहतं घर तिच्या नावाने टाकू नका, मोबाइल नंबर तर अजिबात नको. एकट्या राहणाऱ्या बाईचं घर नकाशात नावानिशी दिसणं हे तिच्यासाठी सोयीचं नाही, धोक्याचं आहे. केंद्र कोणाच्या घरातच चालत असेल तर तिला विचारा, आणि ती हो म्हणाली तरी फक्त केंद्राचं नाव टाका. आणि गूगलच्या नकाशात पाहून तिथलं नाव किंवा जागा उचलून इकडे टाकायची नाही. त्यांची माहिती त्यांच्या मालकीची आहे, ओपनस्ट्रीटमॅपच्या नियमांत ते बसत नाही, आणि टाकलेलं काढून टाकलं जातं. स्वतः पाहिलेलं, स्वतः विचारलेलंच टाका.

ज्यांना नकाशात बदल करायची भीती वाटते त्यांच्यासाठी टिपेची सोय आहे. नकाशावर चूक दिसली त्या जागी टीप ठेवायची आणि काय चुकलंय ते मराठीत लिहायचं. दुसरा कोणी जाणकार ती वाचून दुरुस्ती करतो. खातं उघडून लिहिलेलं बरं, म्हणजे कोणी उलट प्रश्न विचारला तर तुम्हाला कळतं. पण टीप नीट लिहा. "इथं चूक आहे" एवढ्याने कोणाला काही कळत नाही. "या गावाचं नाव इंग्रजीत चुकीचं आहे. गावात आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर ते अमुक असं लिहितात. मी याच गावात राहते" असं लिहिलं तर दुरुस्ती करणाऱ्याचा विश्वास बसतो.

माझ्याकडे अडचण पाठवतानाही असंच करा. "मॅडम, होऊन नाही राहिलं" हा मेसेज रात्री अकराला आला की मी काय उत्तर देणार? खिडकीत काय टाइप केलं त्याचा स्क्रीनशॉट, मराठीत टाकलं की इंग्रजीत, पुढे काय आलं, आणि तुमच्या वेबसाइटच्या पानावर त्या वेळी कोणता भाग दिसत होता, एवढं पाठवा. निम्म्या वेळा स्क्रीनशॉट पाहूनच उत्तर देता येतं.

शेवटचं, नेट नसताना चालणाऱ्या नकाशांबद्दल. ऑरगॅनिक मॅप्स, ओएसएमअँड ही ॲप ओपनस्ट्रीटमॅपचीच माहिती वापरतात, आणि आपल्याकडे रेंजचे हाल पाहता ती फोनमध्ये असलेली चांगली. पण ती महाराष्ट्राचा नकाशा एकदाच उतरवून घेतात. तुम्ही आज वेबसाइटवर केंद्र टाकलं तर ते ॲपमध्ये आज दिसणार नाही. नवीन नकाशा तयार व्हायला काही आठवडे जातात, आणि तो आल्यावर तुम्ही वाय-फायवर 'अपडेट' दाबलं तरच फोनमध्ये येतो. पशुसखी आणि कृषीसखी ताईंनी महिन्यातून एकदा, प्रभागसंघाच्या बैठकीला कार्यालयात आलात की तिथल्या वाय-फायवर हे करून घ्या. जुना नकाशा घेऊन नवीन केंद्र शोधत फिरायची पाळी येणार नाही.